बंद ओव्हनमधील वीज



गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यातून नववीत शिकणाऱ्या एका वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्याच्या पत्राचा सारांश असा. रोवणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मेघगर्जनेसह पाऊस झाला, वीज गेली आणि पुन्हा आली. तेव्हापासून घरातील मायक्रोवेव्ह ओव्हन बिघडला आहे. आतला दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पण नेहमीपेक्षा मोठा गुरगुराट होतो आणि भात काही गरम होत नाही. दुरुस्ती करणारा कारागीर गोंदिया शहरात आहे. तेथपर्यंत ओव्हन नेण्याचा खर्च, कारागिराची मजुरी, शिवाय घरात कोणाला वेळ नाही. आपल्या मित्राने यापूर्वी पंख्याचा कंडेन्सर बदलला आहे आणि इस्त्रीची तुटलेली वायर जोडली आहे. म्हणून तो विचारतो, "प्लग काढून ठेवल्यावर ओव्हन उघडून आत हात घालायला काय हरकत आहे? वीजच नाही, तर धक्का कसा बसेल?"

हे पत्र वाचून आम्हांला आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद यासाठी, की वस्तू बिघडली म्हणजे ती फेकून न देता दुरुस्त करावी असे त्याला वाटते. आणि स्क्रू काढण्यापूर्वी त्याने प्रश्न विचारला. काळजी यासाठी, की त्याच्या प्रश्नातील शेवटचे वाक्य चुकीचे आहे. प्लग काढल्यावरही मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वीज असू शकते, आणि ती प्राणघातक असू शकते. म्हणून उत्तर आधी सांगतो: ओव्हनचे बाहेरचे आवरण उघडू नकोस. हे असे का, ते आता आपण पाहू. एकदा कारण समजले, की नियम पाठ करावा लागत नाही.

स्वयंपाकघरातील डीपी

गोंदिया जिल्ह्यात वीज कोठून येते, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी ६६० मेगॅवॉटचे ५ संच आहेत. तेथून वीज दूरवर पाठविण्यासाठी तिचे विभवांतर वाढवून ७,६५,००० व्होल्टपर्यंत नेले जाते. विभवांतर जितके जास्त, तितकी तीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते, आणि प्रवाह कमी असला म्हणजे तारा तापून वाया जाणारी ऊर्जाही कमी होते. पुढे हे विभवांतर टप्प्याटप्प्याने उतरवीत आणतात. धानाच्या बांधीच्या कडेला दोन खांबांवर जे रोहित्र बसविलेले असते, ज्याला आपण सर्वजण 'डीपी' म्हणतो, ते ११,००० व्होल्टचे विभवांतर उतरवून घराला सुमारे २३० व्होल्ट देते. त्या खांबावर कवटी आणि हाडांचे चित्र असलेली 'धोका' अशी पाटी असते. ती पाटी वाचता न येणारे मूलही डीपीवर चढत नाही.

आता मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पोटात डोकावू, अर्थात कल्पनेने. नेहमीच्या ओव्हनमध्ये एक जड रोहित्र असते. त्याला मिळतात २३० व्होल्ट. परंतु डीपी विभवांतर उतरविते, तर हे रोहित्र ते चढविते. त्याच्या दुसऱ्या वेटोळ्यातून सुमारे २,००० व्होल्ट बाहेर पडतात. म्हणजे मोठ्या मेहनतीने उतरवीत आणलेले विभवांतर आपण स्वयंपाकघरात पुन्हा जवळजवळ नऊपट करतो. एवढेच नव्हे, तर पुढे कंडेन्सर आणि डायोड यांच्या जोडीने ते आणखी वाढते आणि सुमारे ४,००० व्होल्टपर्यंत पोहोचते. गंमत अशी, की डीपीवरची पाटी रस्त्यावरून दिसते. ओव्हनमधील पाटी मात्र बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.

(काही नव्या ओव्हनमध्ये जड रोहित्राऐवजी 'इन्व्हर्टर' नावाचे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. ओव्हन वजनाला हलका होतो. विभवांतर मात्र तितकेच धोक्याचे राहते.)

एवढे विभवांतर कशासाठी?

एवढ्या विभवांतराची गरज आहे ती 'मॅग्नेट्रॉन' नावाच्या नळीला. ओव्हनचे हृदय म्हणजे ही नळी होय. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० मध्ये पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि शत्रूची विमाने शोधणाऱ्या रडारसाठी जोरदार सूक्ष्मतरंगांची गरज होती. पुढे अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या लक्षात आले, की चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे राहिल्यावर खिशातील गोड वडी वितळते. १९४५ मध्ये त्याने या तरंगांनी अन्न शिजविण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता आणि त्याचे वजन ३०० किलोग्रॅमहून अधिक होते. सूक्ष्मतरंगांशी आपल्या देशाचे नाते मात्र त्याहून जुने आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात केवळ काही मिलिमीटर लांबीचे विद्युतचुंबकीय तरंग निर्माण करून त्यांचे प्रयोग लोकांना दाखविले होते.

मॅग्नेट्रॉनच्या मध्यभागी एक तापलेली तार असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवतीच्या तांब्याच्या कड्याकडे ते वेगाने ओढले जावेत म्हणून हजारो व्होल्टचे विभवांतर लावतात. वाटेत दोन लोहचुंबक त्यांचा मार्ग वाकवितात, त्यामुळे इलेक्ट्रॉन सरळ न जाता गोल गोल फिरत जातात. कड्यामध्ये ठराविक मापाच्या पोकळ्या असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली म्हणजे बाटली एकाच सुरात वाजते, हे तुम्ही अनुभवले असेल. तसेच पोकळ्यांवरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे त्यांच्यात एका ठराविक वारंवारतेचे विद्युतचुंबकीय तरंग निर्माण होतात. ही वारंवारता असते २,४५० मेगॅहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आवर्तने.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. तरंगातील विद्युतक्षेत्राची दिशा सतत बदलते. तिच्याबरोबर वळण्याची धडपड रेणू करतात, शेजारच्या रेणूंना धक्के देतात आणि अन्न तापते. यात किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद होतो आणि दिवा मालवल्यावर खोलीत उजेड राहत नाही, तसे आतले तरंगही त्याच क्षणी नाहीसे होतात.

येथेच पुष्कळांची गफलत होते. लोक तरंगांना भितात, पण ते बंद ओव्हनमध्ये उरतच नाहीत. जे उरू शकते, त्याची मात्र कोणाला भीती वाटत नाही. ते म्हणजे कंडेन्सरमधील विद्युतप्रभार.

पंख्याचा कंडेन्सर आणि ओव्हनचा कंडेन्सर

कंडेन्सर, म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातील धारित्र. ते विद्युतप्रभार साठवून ठेवते. त्यातील ऊर्जा काढण्याचे सूत्र असे आहे:

ऊर्जा = १/२ × धारकता × (विभवांतर)²

आपल्या मित्राने बदललेला पंख्याचा कंडेन्सर साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा असतो. घरच्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. तो तेवढा भारित झाला असे धरले तर त्यातील ऊर्जा

१/२ × ०.०००००२५ × ३२५ × ३२५ = सुमारे ०.१३ ज्यूल.

ओव्हनचा कंडेन्सर सुमारे १ मायक्रोफॅरडचा असतो. म्हणजे धारकतेच्या दृष्टीने तो पंख्याच्या कंडेन्सरपेक्षा लहान आहे. पण तो २,००० व्होल्टच्या शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे २,८०० व्होल्टपर्यंत भारित होतो. आता त्याची ऊर्जा काढू:

१/२ × ०.०००००१ × २,८०० × २,८०० = सुमारे ३.९ ज्यूल.

धारकता कमी असूनही ऊर्जा तीसपट झाली, कारण सूत्रात विभवांतराचा वर्ग आहे. "पंख्याचे काम जमले, मग हेही जमेल" हा हिशेब येथे चुकतो. ४ ज्यूल म्हणजे ४०० ग्रॅम वजन एक मीटर उचलायला लागणारी ऊर्जा; ऐकायला ती किरकोळ वाटते. पण ती एका क्षणात, एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात गेली, तर हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय धक्क्याने हात झटकला जाऊन तो पत्र्याच्या धारदार कडेवर आपटतो, किंवा माणूस मागे पडून डोक्याला मार बसतो, हा धोका वेगळाच.

"मग थोडा वेळ थांबलो तर?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. बहुतेक ओव्हनच्या कंडेन्सरमध्ये सुमारे १ कोटी ओहमचा, म्हणजे १० मेगओहमचा, एक रोध समांतर जोडलेला असतो. ओव्हन बंद झाला की त्यातून प्रभार हळूहळू वाहून जातो. रोध आणि धारकता यांचा गुणाकार केला की वेळ मिळतो: १० मेगओहम × १ मायक्रोफॅरड = १० सेकंद. दर १० सेकंदांनी विभवांतर आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे २,८०० व्होल्टचे १० सेकंदांनी १,०३०, २० सेकंदांनी ३८०, ३० सेकंदांनी १४०, ४० सेकंदांनी ५० आणि ५० सेकंदांनी १९ व्होल्ट उरतात. हिशेबाप्रमाणे मिनिटभरात कंडेन्सर जवळजवळ रिकामा झाला!

पण हा हिशेब खरा ठरतो, तो आतला रोध शाबूत असेल तर. तो रोध आतून तुटला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. तुटला असेल तर प्रभार तासन्‌तास राहू शकतो. आणि आपण कोणता ओव्हन उघडणार आहोत? जो बिघडला आहे तो! ज्या यंत्रात काहीतरी तुटले आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्याच यंत्रातील एका भागावर "हा तर नक्की चांगला असेल" म्हणून जिवाचा भार टाकणे शहाणपणाचे नाही.

एमसीबी आणि आरसीसीबी का वाचवीत नाहीत?

काही जण प्लग जोडलेला ठेवूनच आत कोठे वीज येते ते पाहतात. त्यांचा भरवसा घरच्या एमसीबीवर किंवा आरसीसीबीवर असतो. हा भरवसा किती खरा, ते पाहू.

विद्युतप्रवाह शरीरातून जाऊ लागला, तर सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. त्यापुढे श्वास घेणे कठीण होते, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. ओव्हनच्या रोहित्राची शक्ती १,००० वॉट धरली आणि विभवांतर २,००० व्होल्ट, तर ते अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर प्रवाह सहज देऊ शकते. कंडेन्सर निदान एकदाच धक्का देऊन रिकामा होतो. रोहित्र मात्र वीज चालू असेपर्यंत थांबत नाही.

आता एमसीबीचे पाहा. दुसऱ्या वेटोळ्यात अर्धा अँपिअर वाहत असेल, तर पहिल्या वेटोळ्यात त्याच्या ८.७ पट, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहील. ओव्हन भात गरम करीत असतानाही जवळजवळ इतकाच प्रवाह घेतो. मग १६ अँपिअरच्या एमसीबीला कसे कळावे, की ऊर्जा भातात जात आहे की माणसात? ती पडणार नाही.

आरसीसीबी अधिक हुशार असते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ती तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज वाट सोडून जमिनीकडे गेली असे समजून ती जोडणी तोडते. पण ओव्हनच्या रोहित्राची दोन वेटोळी एकमेकांपासून अलग असतात. दुसऱ्या वेटोळ्याचे एक टोक ओव्हनच्या पत्र्याला जोडलेले असते. एका हाताने उच्च विभवांतराचा भाग आणि दुसऱ्या हाताने पत्रा शिवला, तर प्रवाह वेटोळ्यातून शरीरात आणि पत्र्यातून परत वेटोळ्यात, असा फिरतो. पहिल्या बाजूला फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. आरसीसीबीच्या दृष्टीने सारे ठीक चालले आहे!

याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत, असा मात्र घेऊ नका. घरातील इतर धक्क्यांपासून आरसीसीबी खरोखरच प्राण वाचविते आणि ती प्रत्येक घरात असावी. तिची मर्यादा ओळखावी, एवढेच.

अर्थिंगचेही तसेच. ओव्हनच्या तीन पिनांपैकी जाड पीन अर्थिंगची. ती कापून किंवा दोन पिनांचा जोड वापरून ओव्हन चालविला, तर पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात. आणि आत काही बिघाड झाला तर सबंध पत्राच जिवंत होतो. आपल्याकडे मे महिन्यात जमीन इतकी सुकते, की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालीत जावे.

लाइनमनची शिस्त

मग कारागीर कसे काम करतात? त्यासाठी खांबावर चढणारा लाइनमन आठवा. तो प्रथम वीज बंद करवितो. आपण काम करीत असताना दुसरे कोणी ती चालू करणार नाही, अशी व्यवस्था करतो आणि तसे परमिट घेतो. एवढ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. तारेत वीज नाही याची तो उपकरणाने खात्री करतो. त्यानंतर लांब दांड्याच्या डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीशी जोडतो आणि काम संपेपर्यंत ती जोडणी तशीच ठेवतो. मगच त्याचा हात तारेला लागतो. यातील एक पायरी गाळली म्हणून प्राण गेल्याची उदाहरणे विजेच्या धंद्यातील प्रत्येक माणसाला माहीत असतात.

ओव्हनचा जाणकार कारागीर हेच सारे लहान प्रमाणावर करतो. प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवतो. वेळ जाऊ देतो. मग योग्य रोध लावलेल्या, उच्च विभवांतर सोसणाऱ्या दांड्याने कंडेन्सर रिकामा करतो, आणि तो रिकामा झाला हे त्या विभवांतरासाठी बनविलेल्या मीटरने तपासतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील साधा मल्टिमीटर येथे चालत नाही; हजारो व्होल्ट लावल्यास तोच फुटून वापरणाऱ्याला इजा होऊ शकते. काही कंडेन्सर रिकामे केल्यावरही त्यांच्या आतल्या पदार्थात अडकलेला थोडा प्रभार परत वर येतो. म्हणून कारागीर कंडेन्सरची टोके तारेने जोडून ठेवतो.

चित्रफितींत काही जण सरळ पेचकस आडवा घालून ठिणगी पाडताना दिसतात. तसे करू नका. हात घसरला, पेचकसाची मूठ चिरलेली असली, किंवा आपण भलत्याच टोकाला हात लावला, तर दुसरी संधी मिळत नाही. ज्याने हे काम कोणाच्या हाताखाली प्रत्यक्ष शिकलेले नाही, त्याच्यासाठी 'सुरक्षितपणे उघडण्याची' युक्ती नाही. न उघडणे हीच युक्ती.

दाराची जाळी आणि दाराचे स्विच

दुसरा धोका चालू ओव्हनचा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २४५ कोटींनी भागले, तर या तरंगांची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर येते. दाराच्या काचेतील धातूच्या जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची असतात. इतक्या लहान भोकांतून १२ सेंटिमीटरचे तरंग बाहेर पडू शकत नाहीत. प्रकाशाचे तरंग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात, म्हणून आतला भात मात्र आपल्याला दिसतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ओव्हनपासून ५ सेंटिमीटर अंतरावर गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट इतकी आहे. चांगल्या ओव्हनची गळती त्याहून पुष्कळ कमी असते.

परंतु जाळी फाटली, दार वाकले किंवा बिजागरी सैल झाली, की हे संरक्षण संपते. सूक्ष्मतरंग शरीरातही पाणी तापवितात. डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तेथील उष्णता लवकर वाहून जात नाही आणि इजा होते. म्हणून दाराच्या चौकटीत लहान स्विच बसविलेले असतात. दार उघडले की ते मॅग्नेट्रॉनची वीज तोडतात. त्यांपैकी एक स्विच बाकीच्यांवर पहारा करतो: बाकीचे अडकून बसले, तर तो मुद्दाम फ्यूज उडवितो. ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली आहे. म्हणून उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळणे, किंवा स्विच दाबून बांधून ठेवून दार उघडे असताना ओव्हन चालविणे, म्हणजे पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने घालवून देणे होय.

भंगारातील ओव्हन

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत भंगारवाल्याकडून जुना ओव्हन आणून त्याचे रोहित्र काढण्याचा मोह होतो. लाकडावर पाणी लावून या रोहित्राच्या विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळतात, तीही पुष्कळांनी पाहिली असेल. नक्षी सुंदर दिसते, पण या खेळात अमेरिकेत अनेकांचे प्राण गेले आहेत; तेथील लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांतून या प्रकारावर बंदी घातली आहे. शिक्षकांना विनंती, की असा प्रकल्प कोणी घेऊन आला तर तो स्वीकारू नये. मॅग्नेट्रॉनही फोडू नये. काहींच्या चिनीमातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांना अपायकारक आहे.

आवरण न उघडता काय करता येईल?

पुष्कळ करता येईल! त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून सॉकेट ठीक आहे का ते पाहा. प्लग काळा पडला आहे का, वायर कोठे चेपली आहे का, दार नीट बसते का, दाराच्या कडेला अन्न चिकटले आहे का, हे पाहा. प्लग काढून आतला भाग ओल्या फडक्याने पुसा. चालू स्थितीत ठिणग्या, जळका वास किंवा मोठा गुरगुराट आला, तर लगेच बंद करा आणि पुन्हा लावून पाहू नका.

ज्यांचा ओव्हन चांगला चालतो, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून पुढील प्रयोग करावा. चिनीमातीच्या किंवा ओव्हनसाठी चालणाऱ्या काचेच्या भांड्यात १ लिटर साधे पाणी घ्या. त्याचे तापमान नोंदवा. तापमापी बाहेर काढून पाणी पूर्ण शक्तीवर बरोबर २ मिनिटे तापवा. पाणी बाहेर काढून ढवळा आणि पुन्हा तापमान पाहा. जितके अंश वाढले, त्यांना ३५ ने गुणा. ही झाली अन्नाला मिळणारी शक्ती, वॉटमध्ये. (३५ कोठून आले? १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. त्यांना १२० सेकंदांनी भागा.) तापमान २० अंशांनी वाढले, तर शक्ती ७०० वॉट. हाच प्रयोग दुपारी आणि रात्री, गावात विजेचा दाब कमी असताना, करून पाहा. दोन उत्तरांत फरक पडला, तर ओव्हन बिघडला नसून विभवांतर उतरले आहे, हे तुम्हांला न उघडता समजेल. दुरुस्तीतील निम्मे काम निदानाचे असते, ते असे.

अपघात झालाच तर

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला लगेच हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस लगेच उठून "मला काही झाले नाही" म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या.

आमगावच्या मित्रास

आता तुझ्या ओव्हनविषयी. दिवा लागतो आणि थाळी फिरते, म्हणजे २३० व्होल्टची बाजू बहुधा ठीक आहे. उष्णता नाही आणि गुरगुराट मोठा आहे, म्हणजे बिघाड उच्च विभवांतराच्या बाजूला असावा: डायोड, कंडेन्सर किंवा मॅग्नेट्रॉन यांपैकी काहीतरी. पाहा, स्क्रू न काढता तू इतके निदान करू शकतोस. हे सारे एका कागदावर लिही: बिघाड कधी झाला, काय चालते, काय चालत नाही, आवाज कसा येतो. ओव्हन प्लग काढून ठेव, त्यावर तशी चिठ्ठी चिकटव आणि धानाची कामे आटोपली की घरच्यांबरोबर तो कारागिराकडे घेऊन जा. तो तयार असेल तर काम करताना लांब उभे राहून पाहा, प्रश्न विचार. तो आधी कंडेन्सर रिकामा करतो का, याकडे लक्ष दे. हे काम तुला खरोखर आवडले, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये ते रीतसर शिकता येते. पंखा दुरुस्त करणारे तुझे हात आम्हांला शाबूत हवे आहेत.

स्वाध्याय

१. एका कंडेन्सरची धारकता ०.९ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर असलेला रोध १० मेगओहम आहे. विभवांतर ३७ टक्क्यांवर यायला किती सेकंद लागतील?

२. विभवांतर दुप्पट केले, तर कंडेन्सरमधील ऊर्जा किती पट होईल? धारकता दुप्पट केली तर?

३. ओव्हनच्या दुसऱ्या वेटोळ्याकडे धक्का बसला असता आरसीसीबी का पडत नाही, हे आकृती काढून समजावा.

४. तुमच्या घराजवळच्या डीपीवरील पाटी रस्त्यावरून वाचा आणि तीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते नोंदवा. तशीच पाटी तुमच्या घरात कोणकोणत्या वस्तूंवर असायला हवी होती, याची यादी करा.